मल्टिपल स्क्लेरोसिस: संशोधनाच्या बातम्या आणि ‘चॅरिटी वॉक’चा पैसा नायगावच्या रुग्णापर्यंत कसा पोहोचतो?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. तो बळावला की माणसाचं चालणं हळूहळू कमी होतं. जगभर या आजारासाठी पैसा उभा करण्याचा सर्वांत ओळखीचा मार्ग मात्र चालण्याचाच आहे. एखाद्या रविवारी सकाळी सारख्या रंगाचे टी-शर्ट घालून लोक काही किलोमीटर चालतात आणि त्यासाठी मित्र-नातेवाइकांकडून देणगी घेतात. दर ३० मे रोजी जागतिक एमएस दिन असतो. त्या सुमारास अशा वॉकच्या आणि ‘एमएसवर नवं औषध सापडलं’ अशा बातम्या एकदमच मोबाइलवर येऊ लागतात.

पालघर जिल्ह्यातल्या नायगावात (दादरचं किंवा सावित्रीबाईंचं नायगाव नव्हे, वसईच्या खाडीकाठचं) राहणाऱ्या एखाद्या रुग्णाच्या घरी या बातम्या वाचल्या जातात, तेव्हा दोन साधे प्रश्न उभे राहतात. यातलं आपल्या उपयोगाचं काय? आणि आपण या वॉकला पैसे दिले, तर ते जातात कुठे?

आधी आजार समजून घेऊ

विजेच्या तारेवर जसं प्लास्टिकचं आवरण असतं, तसं मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच या आवरणावर हल्ला करते. आवरण गेलं की संदेश अडखळत जातात किंवा पोहोचतच नाहीत. ज्या जागी हल्ला झाला तिथे कडक व्रण उरतो. असे व्रण अनेक ठिकाणी असतात म्हणून ‘मल्टिपल’, आणि ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे कडक होणं. पॅरिसमध्ये जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं पहिलं व्यवस्थित वर्णन केलं.

व्रण कुठे पडला त्यावर लक्षणं ठरतात. एका डोळ्याने अचानक धूसर दिसणं, एका पायात बधिरपणा, चालताना तोल जाणं, लघवीची घाई, आणि कितीही झोपलं तरी न जाणारा थकवा. बहुतेकांना आजार साधारण २० ते ४० या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दुपटीहून अधिक आढळतो. सुमारे ८५ टक्के रुग्णांमध्ये सुरुवातीला तो झटक्यांनी येतो: काही दिवस किंवा आठवडे त्रास, मग पूर्ण किंवा अर्धवट सुधारणा, मग काही महिन्यांनी पुन्हा झटका. मधल्या चांगल्या काळामुळेच निदान लांबतं. डोळ्याचा त्रास डोळ्यांच्या डॉक्टरकडे, पायाचा हाडांच्या डॉक्टरकडे, थकवा ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिकवर. हे तिन्ही एकाच आजाराचे असू शकतात हे न्यूरॉलॉजिस्टकडे पोहोचल्यावर, एमआरआय झाल्यावर कळतं.

हा आजार संसर्गजन्य नाही, आणि तो पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. झटके कमी करणारी औषधं मात्र आहेत आणि ती लवकर सुरू केली तर फरक पडतो.

‘हा गोऱ्यांचा आजार’ हा समज मुंबईतच तपासला गेला

एमएस थंड देशांत आणि युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त आढळतो, हे खरं आहे. भारतात तो जवळपास नाहीच, असं मात्र अनेक वर्षं मानलं गेलं. रुग्णालयांतल्या नोंदींवरून केलेले जुने अंदाज लाखामागे एक-दोन रुग्ण असे होते. मग १९८० च्या दशकात मुंबईतल्या न्यूरॉलॉजिस्टांनी पारशी समाजाचा अभ्यास हाती घेतला. समाज लहान, नोंदी चांगल्या, त्यामुळे घरोघरी मोजणी शक्य होती. डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधासह या अभ्यासांतून पारशांमध्ये लाखामागे वीसहून अधिक रुग्ण असल्याचं दिसलं. एकाच शहरात, त्याच हवेत राहणाऱ्या दोन समाजांत इतका फरक का, हा प्रश्न त्यातून जगभरच्या संशोधकांपुढे गेला.

पुढे मंगळुरू शहरात डॉ. लेखा पंडित यांच्या गटाने केलेली पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सर्वसाधारण लोकसंख्येत लाखामागे सुमारे आठ रुग्ण आढळले. आजार अचानक वाढला असं यातून म्हणता येत नाही. एमआरआय यंत्रं वाढली, न्यूरॉलॉजिस्ट वाढले आणि जे आधी दिसत नव्हतं ते दिसू लागलं, हे कारण मोठं आहे. वसई-विरारसारख्या लाखोंच्या वस्तीला हा हिशेब लावला, तर इथेही या आजाराची शंभराहून अधिक माणसं असावीत. ती एकमेकांना ओळखत नसतील, इतकाच प्रश्न.

याच मंगळुरूच्या गटाचं आणखी एक काम भारतीय रुग्णांच्या थेट उपयोगाचं ठरलं. एमएससारखाच दिसणारा एनएमओ नावाचा वेगळा आजार आहे. २००४ मध्ये त्याची ओळख पटवणारं प्रतिपिंड सापडलं. एमएसची इंटरफेरॉनसारखी काही औषधं एनएमओच्या रुग्णाला दिली, तर त्याची प्रकृती बिघडू शकते. म्हणजे दोन्हींतला फरक ओळखणारी रक्ततपासणी परवडणारी असणं फार गरजेचं. पंडित यांच्या प्रयोगशाळेने ती तपासणी कमी खर्चात उभी केली. अशी कामं ठळक बातमी होत नाहीत.

चालण्याच्या पैशाची सुरुवात एका छोट्या जाहिरातीतून

१९४५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सिल्विया लॉरी यांचा भाऊ एमएसने आजारी होता. डॉक्टरांकडे उपाय नव्हता. त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छोटी जाहिरात दिली: या आजारातून कोणी बरं झालं असेल, तर संपर्क साधावा. उत्तरं आली, पण ती बरं झालेल्यांची नव्हती. तोच प्रश्न विचारणाऱ्या इतर रुग्णांची आणि नातेवाइकांची होती. त्यातून १९४६ मध्ये अमेरिकेतली राष्ट्रीय एमएस संस्था उभी राहिली आणि १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ. अमेरिकन संस्थेचे वॉक १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले.

हा पैसा का लागतो, हे समजून घेण्यासाठी औषधकंपन्यांचं गणित पाहावं लागतं. कंपनी नव्या, पेटंट असलेल्या औषधावर खर्च करते, कारण पुढे ते महाग विकता येतं. पण जुनं, स्वस्त, पेटंट संपलेलं औषध एमएसवर चालतं का, हे तपासण्यात कोणत्याही कंपनीला फायदा नाही. असा प्रयोग सरकारी निधीवर किंवा देणग्यांवरच होतो. आणि नायगावच्या रुग्णाला परवडू शकेल असं औषध बहुधा याच दुसऱ्या गटात असतं.

दोन उदाहरणं घेऊ. कोलेस्टेरॉलसाठी दिली जाणारी सिम्वास्टॅटिन ही गोळी एमएसच्या पुढच्या टप्प्यातलं अपंगत्व रोखते का, याची ब्रिटनमध्ये ९६४ रुग्णांवर चाचणी झाली. खर्च ब्रिटिश सरकारी संशोधननिधीचा आणि ब्रिटन-अमेरिकेतल्या एमएस संस्थांचा, म्हणजे काही अंशी चालणाऱ्यांनी जमवलेला. २०२४ मध्ये निकाल आला: गोळीचा उपयोग होत नाही. हा पैसा वाया गेला असं वाटू शकतं. पण आधीच्या एका लहान चाचणीने आशा निर्माण केली होती, गोळी कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते आणि अनेकांनी ती सुरूही केली असती. ‘नाही’ हे ठाम उत्तर मिळाल्याने ते टळलं.

दुसरं उदाहरण रिटुक्सिमॅबचं. हे मूळचं रक्ताच्या कर्करोगाचं औषध. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. एमएससाठी त्याला अधिकृत परवाना नाही, कारण परवान्यासाठी लागणारा खर्च करण्यात कोणालाच रस नव्हता. डॉक्टर ते ‘ऑफ-लेबल’ वापरतात, म्हणजे परवाना एका आजाराचा आणि वापर दुसऱ्यासाठी. हे बेकायदा नसतं, पण त्याला पुरावा हवा. स्वीडनमध्ये सार्वजनिक निधीवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांत रिटुक्सिमॅब घेणाऱ्या सुमारे ३ टक्के रुग्णांना झटका आला, तर तुलनेतलं नेहमीचं औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांना.

पुढच्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएसची औषधं पहिल्यांदा घेतली: क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर अ‍ॅसिटेट आणि रिटुक्सिमॅब. अर्ज करणाऱ्यांत रुग्णसंस्थांचा तोच आंतरराष्ट्रीय महासंघ होता. भारताच्या यादीत रिटुक्सिमॅब आहे, पण कर्करोगासाठी. हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं, त्यामुळे सुरू करण्याआधी कावीळ-बी आणि क्षयरोगाच्या तपासण्या कराव्या लागतात. क्षयरोग इथे सर्वत्र असल्याने ही पायरी वगळून चालत नाही.

बातमी वाचताना

अलीकडच्या बातम्यांत सर्वांत मोठी होती जानेवारी २०२२ ची. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकन सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जवानांच्या नोंदी आणि साठवलेलं रक्त तपासलं. त्यांतल्या ९५५ जणांना पुढे एमएस झाला होता. एपस्टीन-बार या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पट वाढतो, असं त्यात दिसलं. पण हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो आणि त्यांतल्या फारच थोड्यांना एमएस होतो. म्हणून या शोधाने आजच्या रुग्णाच्या उपचारात काही बदललं नाही आणि विषाणूची तपासणी करून घेण्यातही अर्थ नाही. त्याचं महत्त्व पुढे लस निघालीच तर.

टक्क्यांची गंमत टोलेब्रुटिनिब या गोळीच्या बातमीत दिसते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीबद्दल ‘अपंगत्व वाढण्याचा धोका ३१ टक्क्यांनी घटला’ असं छापून आलं. चुकीचं नाही. पण मूळ आकडे असे: औषध न घेणाऱ्या शंभरांत सुमारे ३१ जणांचं अपंगत्व वाढलं, घेणाऱ्या शंभरांत सुमारे २३ जणांचं. म्हणजे शंभरांत आठ जणांचा फायदा. झटके न येता हळूहळू बिघडत जाणाऱ्या रुग्णांसाठी आजवर जवळपास काहीच नव्हतं, त्यामुळे आठही लहान नाहीत. मात्र यकृताला इजा होण्याचा धोका याच गोळीसोबत आहे.

आणि हे ‘अपंगत्व’ मोजतात कसं? मुख्यतः चालण्यावरून. शून्य ते दहाची एक मोजपट्टी आहे. चार म्हणजे आधाराशिवाय, न थांबता साधारण ५०० मीटर चालता येतं. सहा म्हणजे १०० मीटरलाही काठी लागते. सात म्हणजे आधार घेऊनही पाच मीटरच्या पुढे जाता येत नाही. संशोधन-निबंधातला एक अंक म्हणजे एखाद्यासाठी नायगाव स्टेशनचा पूल स्वतः चढणं आणि न चढणं यातला फरक.

व्हिटॅमिन डीची बातमी तर घराघरांत फिरते. २०२५ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत आजाराच्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांना दर दोन आठवड्यांनी एक लाख युनिट डी देण्यात आलं. दोन वर्षांत आजाराच्या हालचाली, मुख्यतः एमआरआयवरच्या, ६० टक्क्यांत दिसल्या, तर डी न घेणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांत. प्रत्यक्ष झटक्यांत मात्र ठोस फरक नव्हता. स्वस्त औषध असल्याने हा निकाल खरोखर महत्त्वाचा आहे, पण तो इतर औषधांची जागा घेत नाही. मेडिकलमधून आणून मनानेच मोठे डोस घेतले, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडू शकतात.

सर्वांत सांभाळायचं ते ‘स्टेम सेलने एमएस बरा’ या जाहिरातीला. स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या पेशींचं प्रत्यारोपण ही निवडक रुग्णांसाठी, केमोथेरपीसह मोठ्या रुग्णालयात होणारी जोखमीची प्रक्रिया आहे. दवाखान्यात टोचलं जाणारं ‘स्टेम सेल इंजेक्शन’ म्हणजे ते नव्हे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्यता नसलेला असा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. खरी चाचणी असेल, तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते आणि ती ऑनलाइन कोणालाही पाहता येते. ‘चाचणी’ म्हणून काही लाख मागितले, तर तिथेच थांबावं.

इथे जमलेला पैसा कुठे जातो?

भारतात एमएसच्या रुग्णांसाठी काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ मध्ये मुंबईत सुरू झाली. रहमत फाजलभॉय या तिच्या संस्थापक. पुण्यासह काही मोठ्या शहरांत तिच्या शाखा आहेत. अमेरिकन वॉकच्या पैशाचा काही भाग प्रयोगशाळांत जातो. इथला पैसा बहुतांशी आधी माणसाकडे जातो: फिजिओथेरपी, समुपदेशन, व्हीलचेअर, औषधांना हातभार. हे कमी दर्जाचं काम समजायचं कारण नाही. घरातली कमावती व्यक्ती तिशीत आजारी पडते आणि औषध महिन्या-महिन्याने, वर्षानुवर्षं लागतं, तिथे संशोधनाचं यश दुकानाच्या काउंटरवरच अडकतं.

कायद्यातही काही मिळवावं लागलं. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात सातच प्रकार होते, एमएसचं नाव नव्हतं. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आलं. आता ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढता येतं. तरी लोकलच्या दिव्यांग डब्यात धडधाकट दिसणारी तिशीतली बाई चढली की ‘इथे कशाला?’ हे ऐकावं लागतं. थकवा आणि बधिरपणा बाहेरून दिसत नाहीत.

देणगी देताना पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. संस्था नोंदणीकृत आहे का, करसवलतीसाठीची ८०जी नोंदणी चालू आहे का आणि देणगीनंतर फॉर्म १०बीई मिळतो का. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर सवलत मिळत नाही आणि नव्या कररचनेत ती मुळातच नाही. वॉकच्या आयोजकांना एक प्रश्न जरूर विचारावा: टी-शर्ट, मंच आणि नाश्त्यावर किती गेले? सोसायटीतल्या चार मित्रांनी मिळून एखाद्या रुग्णासाठी वॉक काढून लोकांकडून पैसे गोळा करायचे ठरवले, तर त्यांनाही धर्मादाय आयुक्तांकडची कलम ४१क ची परवानगी लागते. गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच.

नायगावला वॉक ठेवायचा तर

भाईंदरहून खाडीपूल ओलांडला की पहिलं स्टेशन नायगावचं. पश्चिमेला मिठागरं आणि जुनी गावठाणं, पूर्वेला जूचंद्रच्या दिशेने वाढलेले टॉवर. मोठ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयातला न्यूरॉलॉजी विभाग गाठायचा, तर विरार लोकलने प्रभादेवीला उतरून परळच्या केईएमला, नाहीतर मुंबई सेंट्रलच्या नायरला. गर्दीतला तासाहून अधिक प्रवास आणि तोही घामात. एमएसच्या रुग्णासाठी घाम ही केवळ गैरसोय नसते. शरीराचं तापमान थोडं वाढलं, तरी जखमी तंतूंतून संदेश आणखी मंदावतात आणि डोळ्यांपुढे धूसर होतं, पाय जड पडतात. जर्मन डॉक्टर विल्हेल्म उटहॉफ यांनी हे १८९० मध्ये नोंदवलं. हा नवा झटका नसतो आणि अंग थंड झालं की ओसरतो, पण पुलाच्या मधल्या पायरीवर ते आठवून धीर येतोच असं नाही.

याच कारणाने ३० मे ही तारीख कोकणपट्टीला गैरसोयीची आहे. युरोपात तेव्हा सुखद वसंत असतो, इथे पावसाआधीचा सर्वांत दमट आठवडा. त्या दिवशी वॉक ठेवला, तर ज्यांच्यासाठी तो आहे तेच घरी राहतील. वसई-विरार महापालिकेची २०११ मध्ये सुरू झालेली मॅरेथॉन अलीकडे डिसेंबरात होते आणि मुंबईची जानेवारीत. तो मोसम योग्य आहे. सूर्य वर यायच्या आत सुरुवात, सपाट रस्ता, दर शंभर मीटरवर बसायला खुर्ची, वाटेत स्वच्छतागृह, थंड पाणी आणि अंतराची सक्ती नाही. मोजपट्टीवर सहावर असलेला माणूस पहिल्या खुर्चीपर्यंत काठीने जाईल आणि पुढचं अंतर व्हीलचेअरवर.